'आब' आणि 'पाणी' : एका शब्दाभोवतीचे वाक्प्रचार आणि त्यांच्या उगमाचा प्रश्न

प्रास्ताविक

वाक्प्रचार हा भाषेचा दागिना आहे, असे शालेय व्याकरणाच्या पुस्तकांतून सांगितले जाते. पुढे अर्थासह एक यादी दिली जाते आणि विद्यार्थी ती पाठ करतो. परीक्षेत 'पाणउतारा करणे' याचा अर्थ 'अपमान करणे' असा लिहिला की गुण मिळतात. अपमानाचा पाण्याशी काय संबंध, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. इंग्रजीच्या बाबतीत मात्र परिस्थिती निराळी दिसते. इंग्रजी वाक्प्रचारांच्या उगमाविषयी स्वतंत्र कोश आहेत. एखादा शब्द घेऊन त्याच्याभोवतीचे सगळे वाक्प्रचार आणि त्यांच्या जन्मकथा सांगणारी पुस्तके आपल्याकडचे इंग्रजी माध्यमाचे विद्यार्थीही आवडीने वाचतात. 'हॉट वॉटर'मध्ये सापडणे म्हणजे काय, हे हैदराबादच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. 'पाणी जोखणे' म्हणजे काय, हे त्याच्या घरातील आजोबांनाच ठाऊक असते.

प्रस्तुत लेखात 'पाणी' हा एकच शब्द आणि त्याचा फारसी जोडीदार 'आब' यांच्याभोवती मराठी, उर्दू व इंग्रजीत जे वाक्प्रचार तयार झाले, त्यांच्या उगमाची चर्चा केली आहे. त्याचबरोबर, आजवर हा विषय ज्या पद्धतीने मांडला गेला, त्या पद्धतीची चिकित्सा करण्याचाही हेतू आहे. या चर्चेला हैदराबादइतके योग्य स्थळ दुसरे नाही. या शहरात मराठी, उर्दू आणि तेलुगू शेजारी राहिल्या. या शहराची कीर्ती हिरे आणि मोती यांच्यामुळे झाली. आणि हिरे-मोत्यांच्या बाजारात 'पाणी' या शब्दाला जो अर्थ आहे, तोच या सगळ्या वाक्प्रचारांच्या मुळाशी आहे.

फारसी 'आब'

फारसीत 'आब' म्हणजे पाणी. तेज, चकाकी, शस्त्राची धार आणि मनुष्याची प्रतिष्ठा हेही त्याचे अर्थ आहेत. 'आब' आणि 'रू' म्हणजे चेहरा, मिळून 'आबरू' झाले. चेहऱ्यावरचे पाणी ते आबरू. अरबीतही 'माउल वज्ह', म्हणजे चेहऱ्याचे पाणी, हा प्रयोग प्रतिष्ठेसाठी होतो आणि ते पाणी सांडणे म्हणजे स्वतःची मानहानी करून घेणे. उर्दूने 'आब'चे दोन्ही अर्थ घेतले आणि त्यांच्यात लिंगभेद केला. पाणी या अर्थी 'आब' पुल्लिंगी, चमक या अर्थी स्त्रीलिंगी. मराठीने 'आब' घेतला तो फक्त प्रतिष्ठेच्या आणि तेजाच्या अर्थाने. 'आब राखणे', 'आब जाणे' असे आपण म्हणतो; तहान लागली म्हणून कोणी मराठी माणूस 'आब' मागत नाही.

येथे एका गोष्टीची नोंद घेणे आवश्यक आहे. 'आब' हा शब्द परका आणि 'पाणी' हा आपला, अशी सरळ वाटणी भाषाशास्त्राला मान्य होत नाही. फारसी 'आब' आणि संस्कृत 'आप' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत. 'पाणी' हा शब्द 'पानीय', म्हणजे पिण्याजोगे, यावरून आला. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने जलवाचक असा मूळ आर्यशब्द फारसीने जपला आणि मराठीने पिण्याच्या क्रियेवरून नवे नाव घेतले.

उलट, जेथे 'आब' दिसतो तेथे पाणी असतेच असेही नाही. 'हैदराबाद' या नावातील 'आबाद'चा संबंध अनेकजण पाण्याशी जोडतात. जेथे पाणी तेथे वस्ती, हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे. परंतु 'आबाद' हा शब्द मध्य फारसीतून आला असून त्याचे मूळ 'पा', म्हणजे रक्षण करणे, या धातूत सांगितले जाते. मिरवणुकीतील 'अब्दागीर' पाहूनही 'आब'ची आठवण होते, पण तो शब्द 'आफताबगीर', म्हणजे सूर्याला अडवणारा, याचा अपभ्रंश आहे. 'आबकारी' मात्र खरोखरच 'आब'चा आहे. उगमाच्या शोधात कानावर विसंबून चालत नाही, हे या तीन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

गोवळकोंड्याचे पाणी

इंग्रजीत एखाद्या व्यक्तीला वा वस्तूला 'ऑफ द फर्स्ट वॉटर' म्हटले जाते. पहिल्या पाण्याचा, म्हणजे अव्वल दर्जाचा. हा वाक्प्रचार जवाहिऱ्यांच्या पेढीवरून आला. हिऱ्याची पारदर्शकता आणि चमक म्हणजे त्याचे 'पाणी'. सर्वांत स्वच्छ तो पहिल्या पाण्याचा. रत्नाच्या तेजाला पाणी म्हणण्याची ही पद्धत युरोपातील अनेक भाषांत आहे आणि ती अरबीतून आली असावी, असे इंग्रजी कोशकारांनी सुचवले आहे. शेक्सपिअरच्या 'टिमन ऑफ अथेन्स' या नाटकातील जवाहिऱ्याच्या प्रसंगात हा अर्थ येतो. म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी तो लंडनच्या प्रेक्षकांना परिचित होता.

अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सुरू होईपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थान होता आणि त्यातही कृष्णेकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींचा माल गोवळकोंड्याच्या बाजारात येत असे. फ्रेंच जवाहिऱ्या झाँ बाप्तिस्त ताव्हर्निए याने या बाजाराचे वर्णन केले आहे. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील व्यापारी दिवसाच्या उजेडात हिरा पाहतात, तर येथील व्यापारी रात्री पाहतात, असे तो सांगतो. भिंतीत कोनाडा करून त्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा आणि त्याच्या उजेडात कच्च्या खड्याचे पाणी पारखायचे, अशी ती पद्धत होती. पाण्यात निळसर झाक आहे की काय, हे पाहण्यासाठी दाट पानांच्या झाडाखाली हिरा नेत, अशीही नोंद तो करतो.

मराठीतील 'पाणी जोखणे' या वाक्प्रचाराचा उलगडा या पार्श्वभूमीवर सहज होतो. 'जोखणे' म्हणजे वजन करणे, अंदाज घेणे. नदीचे पाणी कोणी जोखत नाही. जोखतात ते रत्नाचे. माणसाची कुवत ओळखण्यासाठी बाजारातला शब्द वापरला गेला. 'पाणीदार मोती', 'पाणीदार डोळे' हे प्रयोग त्याच कुळातले. हैदराबादच्या पत्थरगट्टीत मोती निवडणारा आजही मोत्याची 'आब' पाहतो. आणि 'पाणउतारा' म्हणजे हे पाणी उतरवणे. उर्दूत 'आब उतरना', 'आबरू उतारना' म्हणतात. मोत्याचे पाणी एकदा उतरले की तो मोती राहतो, पण त्याचे मोल जाते. माणसाचा पाणउतारा होतो तेव्हा नेमके हेच घडते. 'अपमान करणे' या कोशातील अर्थात ही छटा येत नाही.

अब्दुर्रहीम खानखानान (१५५६-१६२७) यांच्या एका प्रसिद्ध दोह्यात 'पानी' या शब्दावर श्लेष आहे. मोत्याच्या संदर्भात चमक, माणसाच्या संदर्भात इभ्रत आणि चुन्याच्या संदर्भात साधे पाणी, असे तीन अर्थ तेथे एकत्र येतात. रहीम 'बाबरनामा'चे फारसी भाषांतरकार होते आणि मोगल सेनापती म्हणून दक्षिणेतही वावरले होते. ज्याला 'आब'ही ठाऊक होता आणि 'पानी'ही, अशा कवीला हा श्लेष सुचावा, हे स्वाभाविक आहे.

'सबरस'मधील शोध

गोवळकोंड्यातच, अब्दुल्ला कुतुबशाहच्या काळात, मुल्ला वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' हा दखनी गद्यग्रंथ लिहिला. त्याची कथावस्तू फत्ताही निशापुरी या फारसी लेखकाच्या रूपककथेवर आधारलेली आहे. अक्ल नावाच्या राजाचा मुलगा दिल याला आबेहयात, म्हणजे जीवनाचे पाणी, हवे आहे. नजर नावाचा हेर ते शोधायला निघतो. वाटेत नामूस, म्हणजे प्रतिष्ठा, हा राजा भेटतो. त्याच्या मते आबेहयात म्हणजे माणसाची आबरू. पुढे भेटणारा विरक्तीचा देखावा करणारा म्हातारा त्याचा अर्थ अश्रूंशी जोडतो. प्रत्येकाला आपापल्या स्वभावाप्रमाणे पाण्याचा अर्थ लागतो आणि नजर पुढे जात राहतो.

वाक्प्रचारांच्या अभ्यासकाने या प्रसंगाकडे अवश्य लक्ष द्यावे. ज्या नगरीत हिऱ्याचे पाणी पारखले जात होते, त्याच नगरीत एक लेखक 'आब' या शब्दाचे पदर उलगडून कथा सांगत होता. हा योगायोग असेल, पण वाचकाला दोन्ही अर्थ परिचित होते, हे निश्चित. दखनीने मराठीचा 'नको' घेतला आणि त्याचा 'नक्को' केला. जोर देणारा 'च'ही घेतला. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी आणि देवीसिंग चौहान यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा संबंध सविस्तर दाखवला आहे. फारसी वाक्प्रचार मराठीत येण्याची एक वाट दरबारी कागदपत्रांची होती. दुसरी वाट दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्याची होती. या दुसऱ्या वाटेचा विचार कमी झाला आहे.

दिशेचा प्रश्न

या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे मौलवी अब्दुल हक यांचे 'मराठी ज़बान पर फ़ारसी का असर' (१९३३). अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम दीर्घकाळ तत्कालीन औरंगाबादेतून केले; मराठी त्यांच्या कानावर रोज पडत होती. शब्दांच्या याद्यांवर न थांबता त्यांनी व्याकरण आणि वाक्प्रचार यांवरील प्रभावाकडे लक्ष वेधले, हे त्यांचे मोठे श्रेय. 'हवा खाणे', 'शपथ खाणे' यांसारख्या प्रयोगांत फारसी 'खुर्दन'ची छाया आहे; तेथे शब्द मराठी आहेत आणि रचना फारसी. मात्र ग्रंथाच्या शीर्षकातच त्याची मर्यादाही आहे. प्रवाह एकाच दिशेने वाहतो, असे गृहीत धरून तो लिहिला गेला.

'पाणी'च्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. शस्त्राला 'पाणी देणे' हा प्रयोग घ्या. फारसीत 'आब दादन' म्हणजे तापलेले पोलाद पाण्यात बुडवून त्याला कठीणपणा आणणे. 'आबदार' म्हणजे धारदार. दोन्ही प्रयोग शब्दशः जुळतात, म्हणून मराठीने भाषांतर केले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु सुश्रुतसंहितेत शल्यक्रियेच्या उपकरणांना क्षार, पाणी आणि तेल यांची 'पायना' देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गाच्या प्रकरणात शस्त्राला काय पाजावे, याची चर्चा आहे. फारसी या देशात राजभाषा होण्याच्या कितीतरी आधी येथील लोहार शस्त्राला पाणी पाजत होता आणि तसे म्हणतही होता.

इतकेच नव्हे, तर निजामाबाद भागातील कोनसमुद्रम् येथे तयार होणारे पोलाद इराणपर्यंत जात असे. तेथे इराणी व्यापारी येत, याची नोंद वॉयसी या इंग्रज निरीक्षकाच्या १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात आहे. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात. पोलाद ज्या वाटेने गेले, त्या वाटेने शब्दही गेले असतील आणि आलेही असतील. येथे ऋणको कोण आणि धनको कोण, हे ठरवण्यापेक्षा एकच कारागिरी दोन भाषांत बोलत होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसऱ्या टोकाला भाषाशुद्धीचा पक्ष आहे. त्याच्या दृष्टीने फारसी शब्द म्हणजे भाषेवर चढलेली धूळ. ती झटकली की शुद्ध मराठी हाती लागेल. या पक्षातील एक मोठे नाव माधव जूलियन यांचे आहे. फारसीचे प्राध्यापक, 'फारसी-मराठी कोशा'चे (१९२५) कर्ते, मराठीत गझल व रुबाई रुजवणारे कवी आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) लिहिणारेही तेच. त्यांच्या विद्वत्तेविषयी दुमत नाही. पण शब्द काढता येतो, वाक्प्रचारातील कल्पना काढता येत नाही. 'अब्रू'च्या जागी 'प्रतिष्ठा' ठेवाल. 'पाणउतारा'चे काय कराल? तो तर अस्सल मराठी शब्दांचा आहे, आणि तरीही 'आब'चा सख्खा भाऊ आहे. 'आबोहवा' टाळून 'हवापाणी' म्हटले, तरी ती 'आबोहवा'च राहते. फक्त शब्दांचा क्रम बदलतो.

उर्दूच्या बाजूलाही शुद्धीचा मोह झाला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लखनौच्या नासिखच्या परंपरेने अनेक देशी शब्द 'मतरूक', म्हणजे त्याज्य, ठरवले. दखनीतील रसरशीत देशी शब्द गावंढळ मानले गेले. याउलट इन्शाअल्ला खान यांनी 'रानी केतकी की कहानी'त अरबी-फारसी शब्द न वापरण्याचा प्रयोग करून पाहिला. तो कौतुकास्पद प्रयोग ठरला, पण रस्ता ठरला नाही.

अब्रूचा मराठी संसार

उसना शब्द नव्या घरात कसा नांदतो, याचे उत्तम उदाहरण 'अब्रू' हे आहे. उर्दूत आबरू 'ख़ाक में मिलती है', तिच्यावर 'हर्फ़ आता है', तिच्यावर 'पानी फिर जाता है'. मराठीत तिचे काय होते? ती 'चव्हाट्यावर येते', 'वेशीला टांगली जाते', तिचे 'खोबरे होते', तिचे 'धिंडवडे निघतात'. वेस, चव्हाटा, खोबरे आणि धिंड ही सगळी मराठी गावातली सामग्री आहे. फारसी शब्दाला गावाने आपल्या वेशीत घेतले आणि मग त्याच वेशीला टांगण्याची भाषा केली. कोर्टकचेरीतही 'अब्रूनुकसानी' हा शब्द रूढ झाला. 'मानहानी' नंतर शेजारी येऊन बसली आणि आज दोन्ही चालतात. शब्द परका राहिला आहे की आपला झाला आहे, याची कसोटी त्याच्या जन्मगावात शोधू नये. त्याच्याभोवती नवे वाक्प्रचार जन्मले की नाही, हे पाहावे. या कसोटीला 'अब्रू' पूर्णपणे उतरते.

या शब्दाची एक काळी बाजूही आहे. ज्या समाजाने प्रतिष्ठेला पाणी म्हटले, त्याच समाजाने कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, यावर माणसांची प्रतिष्ठा ठरवली. उत्तरेकडे 'हुक्का-पानी बंद करना' हा बहिष्काराचा वाक्प्रचार झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, हे सर्वांना कळले होते. पाणी आणि आबरू एकच आहेत, हे त्या ओंजळीने कोणत्याही कोशापेक्षा स्पष्ट सांगितले.

समानता आणि उसनवारी

दोन भाषांत सारखे वाक्प्रचार आढळले की एकाने दुसऱ्याचे घेतले, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. येथे किमान चार गट वेगळे करावे लागतील.

पहिला, शब्दजोडीसह आलेले : 'आबोहवा' आणि 'हवापाणी'. येथे भाषांतर संभवनीय आहे, कारण पाणी आणि हवा यांच्या जोडीतून हवामानाचा अर्थ आपोआप निघत नाही.

दुसरा, समान कारागिरीतून आलेले : शस्त्राचे पाणी आणि रत्नाचे पाणी. येथे देवाणघेवाण दुहेरी आहे.

तिसरा, समान अनुभवातून आलेले : 'डोक्यावरून पाणी जाणे'. उर्दूत 'पानी सर से गुज़रना' आणि फारसीतही तसेच. पण बुडण्याची भीती शिकण्यासाठी कोणाला दुसऱ्या भाषेकडे जावे लागत नाही. 'पाण्यात राहून माशाशी वैर' येथे मासा आहे, उर्दूत तेथे मगर आहे. अनुभव एक, प्राणी आपापला.

चौथा, ज्यांचा उगम एकाच परंपरेत आहे असे : 'पाणी सोडणे'. दान देताना हातावर पाणी घेऊन ते सोडतात आणि मग दिलेल्या वस्तूवरचा हक्क संपतो. 'त्या पैशांवर पाणी सोडले' असे मराठी मुसलमानही सहज म्हणतो. विधी त्याचा नाही, भाषा त्याची आहे.

कोशांनी या गटांची दखल घेतलेली दिसत नाही. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' (१९४२, १९४७) आणि सय्यद अहमद देहलवी यांची 'फ़रहंग-ए-आसफ़िया' हे आपापल्या भाषेचे वैभव आहेत. दुसऱ्या ग्रंथाचे तर नावच हैदराबादच्या आसफिया राजवटीवरून आहे. पण वर्णानुक्रमाच्या शिस्तीत 'आब' एका टोकाला आणि 'पाणी' दुसऱ्या टोकाला बसतो. दोन्ही कोश शेजारी उघडल्याशिवाय त्यांचे नाते दिसत नाही, आणि दोन्ही लिप्या वाचणारे आता थोडेच उरले आहेत.

समारोप

इंग्रजांनाही आपले वाक्प्रचार अस्सल इंग्रजी वाटतात. परंतु 'फर्स्ट वॉटर' पूर्वेच्या रत्नबाजारातून गेले आणि 'फेस' गमावणे-वाचवणे चीनमधून. चेहरा चीनचा आणि पाणी अरब-इराणचे. दोन्ही एकत्र केले की आपली 'आबरू' होते. असे असूनही इंग्रजीची शान कमी झाली नाही. उगम मान्य केल्याने भाषेचे पाणी उतरत नाही.

मराठी आणि उर्दूच्या अध्यापनात एवढे तरी व्हावे : यादी कमी करून एक शब्द घ्यावा आणि तो जेथे जेथे नेतो तेथे तेथे विद्यार्थ्यांनी जावे. 'पाणी' घेतला तर लोहाराची भट्टी, जवाहिऱ्याचा दिवा, वजहीचा हेर, गावाची वेस आणि महाडचे तळे ही सगळी स्थळे एका तासात भेटतात. कोणता शब्द कोणाचा, या वादाने दोन्ही भाषांत पुष्कळ वर्षे गेली. ज्या पिढीला उर्दू वाचता येते आणि मराठी बोलता येते, ती पिढी हैदराबादेत आणि मराठवाड्यात अजून आहे. तिच्या मुखातील वाक्प्रचार गोळा करून दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी मांडण्याचे काम तिच्या हयातीतच झाले पाहिजे. ते राहून गेले, तर त्यावर कायमचे पाणी सोडावे लागेल.